घोंगडीवाल्याचे वाटेकरी

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तळेगाव ढमढेऱ्याच्या घरी ओसरीवर बसून एक हिरो काढला होता. दिवसा तो पाटकरी, शेताशेताला पाटाचं पाणी सोडणारा. अंधार पडला की खांद्यावर घोंगडी टाकून उडायचा. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात दर महिन्याला त्याची गोष्ट यायची. चित्रं आबांची, रंग माझे. घोंगडीचा काळा तर सगळा माझाच. आबांचा नेहमी फिक्कट व्हायचा. पुढं लग्न होऊन मी दौंडला आले. मासिक बंद पडलं, तेव्हा मालकांनी भलेपणानं हिरोचे सगळे हक्क आबांना परत लिहून दिले.

आणि इथं आबांनी माती खाल्ली. कागद पक्के करायला ते शिरूरच्या वकिलाकडं गेले आणि जमिनीच्या सातबाऱ्यावर आहेत तीच नावं हिरोवरही लावून आले. तिन्ही भावांची. वकील म्हणाला, असं कुणी करत नाही. आबा म्हणाले, "मी चित्रं काढीत बसलो तवा रानात भाऊच राबत व्हते. एकत्रातलं हाय, सगळ्यांचं हाय."

माझं नाव लावलं नाही. आमच्यात लेकीचं लावत नाहीत, आणि लागलंच तर माहेर तुटू नये म्हणून आम्हीच हक्कसोड लिहून देतो. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी मुंबईची एक कंपनी हिरोवर पिक्चर काढायचा म्हणून घरी आली. आबांना काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं डॉक्टर काही खात्रीनं सांगेनात. "दिसतंय तवर एकदा त्याला पडद्यावर उडताना बघू दे," एवढंच त्यांचं मागणं. कंपनीची मुलगी समजूतदार होती. म्हणाली, परदेशातही हे असंच चालतं. हिरोचं पुस्तक एका कंपनीचं आणि पिक्चरचे हक्क दुसरीकडं, भांडत बसतात वर्षानुवर्षं. तुमच्याकडं निदान सगळे एका घरातले आहेत. मला हसू आलं. बिचारीला भावकी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मधल्या काकांनी सही केली. धाकट्यांनी पेन खाली ठेवलं. "आधी विहिरीकडचा बांध सरकवा," म्हणाले. आबांनी दुसऱ्याच दिवशी बांध सरकवून दिला. बांधावर लावलेली लिंबं त्यांच्याकडं गेली, त्याचंही काही बोलले नाहीत. मी दौंडहून जाऊन काकांच्या पाया पडले. "काका, आबांचे डोळे चाललेत हो."

"मला कळत न्हाई व्हय? पण आज सही दिली आन् उद्या माझ्या पोरांनी इचारलं, आपल्या वाट्याचं का सोडलं, तर काय सांगू? सुगी तरी हू दे."

सुगी झाली. ऊसही तुटून गेला. मी काकांना तोंडावर नको नको ते बोलले, त्याचा पश्चात्ताप मला अजून नाही. उपयोगही काही झाला नाही. शेवटी त्या मुलीचा फोन आला. कंपनीनं दुसराच कुठला तरी हिरो घेतला होता, त्याला मालक एकच होता. ती सॉरी म्हणाली. तिच्यावर कसला राग काढायचा? मी हे घरात सगळ्यांना सांगितलं, आबांना सोडून.

परवा तळेगावला गेले होते. आबांना आता काहीच दिसत नाही. ओसरीवर बसलेले असतात. मी चहाची कपबशी हातात दिली तर म्हणाले, "पिक्चर निघाला तर तू शेजारी बस. काय काय चाललंय ते सांगत ऱ्हा मला."

"बसेन की."

"सह्या झाल्या का गं समद्यांच्या?"

"धाकट्या काकांची राहिलीय."

"आन् तुझी?"

"माझी लागत नाही, आबा."

त्यांनी चाचपडत कपबशी खाली ठेवली.

"घोंगडी तर तू रंगवायचीस," ते म्हणाले.