चॅटवर कोण हाय?

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात बी.कॉम.च्या नव्या मुलांना कॉम्प्युटरची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण स्टाफमध्ये तरुण मीच होतो आणि माझा आवाज मोठा होता. दोन हजार सालानंतरची ती पहिली-पहिली वर्षं. लॅबमधला एसी यंत्रांसाठी होता, पण गारवा सगळ्यांनाच मिळायचा, त्यामुळे माझ्या तासाला हजेरी दांडगी. मीही रंगमंचावर आल्यासारखा यायचो. बटण दाबण्याआधी थांबायचो, भुवई उंचावायचो आणि "आता बघा!" म्हणायचो. यंत्र मात्र सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायचं, की पुढच्या बाकावरचे जांभया द्यायला लागायचे.

पहिल्याच तासाला गारगोटीहून आलेल्या एका मुलीनं कीबोर्डकडे बघत विचारलं, "सर, ही एबीसीडी अशी विस्कटून का ठेवलीया?"

मी त्यामागचा इतिहास सांगायला घसा साफ केला. तोवर तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. सापडतंय मला."

हीच मुलगी एकदा तास सुटल्यावर थांबली. घरच्यांनी तिचं लग्न जवळपास ठरवलं होतं. मुलगा कुरुंदवाडचा, नोकरीला बंगळुरात. सुपारी फुटायच्या आत तिला त्याला एकच गोष्ट विचारायची होती: लग्नानंतर कॉलेज चालू राहणार का? घरी फोन होता, पण तो बाहेरच्या सोप्यात, सगळ्यांच्या बैठकीत. ती बोलायला लागली, की काकापासून शेजारणीपर्यंत सगळे कान टवकारून टीव्हीचा आवाज कमी करायचे.

"सर, तुम्ही ते चॅटिंग शिकवणार हाय न्हवं? उद्याच शिकवा की."

"अभ्यासक्रमात ते शेवटी आहे."

"शेवटाला माझं लगीन झालेलं असतंय, सर."

अभ्यासक्रम तिथल्या तिथे उलटा झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फोनलाइनवरून इंटरनेट जोडलं. कुणी फोन उचलला तर सगळं तुटायचं, म्हणून शिपायाला फोनवर हात ठेवून बसवलं. वेळ तिनं थोरल्या बहिणीकडून मुलाला कळवली होती.

ती पडद्यासमोर बसली. मागे अख्खी बॅच, त्यात सगळ्यात पुढे मी. पडद्यावर दोन अक्षरं उमटली: एच, आय.

"हाय," तिनं वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "नुसतं हाय? कोण हाय, कुठं हाय, काय सांगाल का न्हाय?" मग एकेक इंग्रजी अक्षर हुडकत तिनं लिहिलं, "कोण हाय?"

तिकडून पुन्हा, "हाय!"

"व्हय, पण कोण?"

"अगं, ते इंग्रजीतलं, नमस्कारासारखं..." मी सांगायला लागलो, तोवर तिकडून उत्तर आलं, "मी हाय." बंगळुरात बसलेलं कुरुंदवाड जागं झालं होतं. लॅबभर हशा.

ती मात्र हसली नाही. तिनं लिहिलं, "लग्नानंतर मी कॉलेज शिकणार. चालंल का?"

उत्तर आलं, "आईला विचारून सांगतो."

"घ्या!" मागून एक मैत्रीण म्हणाली.

मागे वळूनही न बघता तिनं टाइप केलं, "लगीन आईसंगं न्हाय. तुम्ही सांगा." हे पुसायचं कसं ते मी तिला घाईघाईनं दाखवणार होतो, पण तिनं एंटर दाबलंसुद्धा.

बाहेर ऑफिसात कुणीतरी विचारत होतं, "फोन मोकळा हाय का?" आणि आमचा शिपाई ओरडत होता, "न्हाय! आत लगीन चाललंय!"

पडद्यावर शब्द उमटले, "शिका की."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या. मी म्हणालो, "अगं, आता त्याला काहीतरी गोड लिही!"

तिचा हात माउसवर सैरावैरा धावत होता.

"सर, आदी हे बंद कसं करायचं ते सांगा. ते आणखी काय बोललं म्हंजे?"