मोठीचा नाश्ता

आमच्याकडची सकाळ दोन गाड्यांच्या मध्ये चेपलेली असते. एक माझी एसटी, दुसरा मुलांच्या शाळेचा ऑटो. मी धानोऱ्यात राहते आणि मुरूमगाव रोडवरच्या एका छोट्या गावात शाळेत शिकवते. नवरा सूरजागडच्या खाणीवर टिप्पर चालवतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. घरात मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. शेजारी वेल्डिंगचं दुकान चालवणारे भाऊ आणि त्यांची बायको, जिला मी भाभी म्हणते. एसटी आधी येते, ऑटो नंतर. मधला वेळ भाभी सांभाळते. ती नसती तर मला नोकरी करता आली नसती.

मोठी पहिलीत असताना तिच्या शाळेत रक्ततपासणी झाली आणि तिला सिकलसेल असल्याचं कळलं. त्याआधी तिचे हातपाय दुखायचे, तेव्हा सगळे म्हणायचे, वाढीचं वय आहे, होते असं. मग कळलं की आम्हा दोघांच्याही रक्तात ते थोडं थोडं होतं. आम्हाला कधी त्रास झाला नाही आणि तिच्या वाट्याला मात्र पूर्ण आलं. धाकट्याची तपासणी झाली तेव्हा निकाल येईपर्यंत मी नीट जेवले नव्हते. तो आमच्यासारखा निघाला, म्हणजे त्याला धोका नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मी पाठ केलं. गोळी चुकवायची नाही. पाणी भरपूर प्यायला लावायचं. थंडी लागू द्यायची नाही. उपाशी ठेवायचं नाही. ताप आला की वाट न पाहता दवाखान्यात यायचं. यातली थंडी माझ्या हातात नव्हती. आमच्या भागात डिसेंबरात सकाळी अंगणातली बादली बर्फासारखी लागते. तापही माझ्या हातात नव्हता. नाश्ता मात्र होता. म्हणून मी सगळी ताकद नाश्त्यावर लावली.

रात्री मूग भिजत घालायचे आणि सकाळी मिक्सरमधून काढून त्यात आलं, एखादी मिरची, मूठभर सांबार घालून धिरडी टाकायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. तांदळाचं पीठ असलं की आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, पातळ, जाळीदार, सोबत शेंगदाण्याची चटणी. रात्रीचा भात उरला तर फोडणीचा भात, त्यात मटार आणि अंडं. पोह्यांनी तिचं पोट भरत नाही असं मला वाटायचं, म्हणून पोह्यांत भरपूर शेंगदाणे. शिक्षक म्हणून मी मुलांना सांगत असे की घाईत काही नीट होत नाही, आणि स्वतः रोज एका हाताने उलथनं आणि दुसऱ्या हाताने वेणी अशी उभी असायची.

धाकटा पानात पडेल ते संपवायचा आणि मोठीच्या ताटाकडे पाहायचा. मोठी एकेक तुकडा चघळत बसायची.

"खा ना वं लवकर. गाडी येऊन राह्यली."

"मले भूक नाई."

"भूक नसली तरी खाय. खाल्लं म्हंजे बरी राहशीन."

मी हे रोज म्हणायची. कोणतीही आई म्हणते तसंच. पण मी ते म्हणताना तिच्या डोळ्यांचा रंग बघायची, पिवळे दिसतात का. बोटं दाबून बघायची, सुजलीत का. ती हात काढून घ्यायची. एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात तिचं ताट यायचं. किती उरलं होतं? पाण्याचा ग्लास अर्धा होता की भरलेला? शेजारी बसणारी आरोग्यसेविका बोलत असायची आणि मी हं हं करत असायची.

गेल्याच्या गेल्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. त्या दिवशी मोठीने पहिल्यांदा मी न सांगता खाल्लं. मुगाचं धिरडं संपवलं, दुसरं मागितलं, तेही संपवलं. दही खाल्लं. पाणी प्यायली आणि ताट उचलून माझ्यासमोर धरलं.

"आई, पाहा. सारं झालं."

मी तिची पापी घेतली. स्वेटरवर जॅकेट चढवलं, कानाला मफलर बांधला. भाभी दारात आली होती.

"मॅडम, तुम जाव. तुम्हारी बस चली जाएगी. इनको मैं बिठाती ऑटो में."

मी निघाले. त्या दिवशी एसटीत मला खिडकीबाहेरचं जंगल दिसलं, धुकं दिसलं, शेतात धानाचे भारे रचून ठेवलेले दिसले. एरवी मला यातलं काही दिसत नसे.

माझ्या शाळेत फोनला रेंज नसते. गावाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी थोडी मिळते. दुपारच्या खिचडीला अजून वेळ होता. मी तिसरीच्या मुलांना वजाबाकी समजावत होते आणि शाळेच्या पटांगणात मोटरसायकल येऊन थांबली. भाऊ होते. वेल्डिंगच्या दुकानातल्या मळक्या कपड्यांतच आले होते. ते दुकान सोडून इतक्या लांब का आले असतील, याचं एकच कारण मला सुचलं. खडू हातात तसाच राहिला.

"मॅडम, चला. घाबरू नोका. पोरगी बोलून राह्यली."

"काय झालं भाऊ?"

"पाय दुखून राह्यले म्हणे, पाठ दुखून राह्यली. शाळेतून आमाले फोन आला. तुमचा लागला नाई. बायको तिच्यापाशीच हाये दवाखान्यात."

मुख्याध्यापकांना सांगितलं आणि मागे बसले. भाऊ गाडी हाकत होते आणि मी त्यांच्या पाठीमागे तोंड लपवून सकाळ परत परत आठवत होते. दोन धिरडी. दही. पाणी. गोळी दिली होती? दिली होती, मी स्वतः दिली होती. मूग नीट भिजले होते ना? दही थंड होतं का? थंड दही द्यायला नको होतं का? रस्त्यात एके ठिकाणी गुरं आडवी आली तेव्हा भाऊ थांबले आणि मला रडू आलं. गुरं गेल्यावर ते फक्त म्हणाले, "पकडून बसा."

मोठी दवाखान्याच्या खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सलाइन लावलं होतं. एका हाताने तिने भाभीच्या ओढणीचं टोक धरलं होतं आणि तेच तोंडात घालून चावत होती. मला पाहून तिने ओढणी तोंडातून काढली.

"आई, मी सारं खाल्लं होतं."

"हो बाई, खाल्लं होतं."

"मंग काऊन दुखते?"

मी तिच्या पायावर हात ठेवला तर ती ओरडली. मी हात मागे घेतला आणि पुढे कुठे ठेवावा ते कळेना.

दुखणं थांबेना म्हणून गडचिरोलीला न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी आणि भाभी. धाकटा शाळेतून भाऊंकडे जाणार होता. गडचिरोलीच्या दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने विचारलं, आधी कधी त्रास झाला होता, ताप होता का. मी उत्तरं दिली आणि मग न विचारता सकाळचा सगळा नाश्ता सांगितला. धिरड्यात काय होतं, दही किती, पाणी किती. तिने मध्ये अडवलं नाही. लिहून झाल्यावर म्हणाली,

"ताई, हे नाश्त्यामुळे झालेलं नाही."

"थंड दही..."

"नाही. थंडीच्या दिवसांत होतं, कधी ताप आला की होतं, आणि कधी कारणच सापडत नाही. तुम्ही करताय ते बरोबर आहे. ते करूनही होऊ शकतं."

हे ऐकून जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मला उलट पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटलं. चूक माझी असती तर मी ती उद्या सुधारली असती.

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. मिळेल त्या गाडीने आला होता. शर्टाच्या कॉलरवर खाणीकडची लाल धूळ होती. मोठीला रक्त चढवत होते. तो खाटेशेजारी बसला आणि तिचा हात धरून राहिला. त्या रात्री मी दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा झोपले.

काही दिवसांनी आम्ही घरी आलो. दुखणं गेलं होतं, पण मोठीने नाश्ता सोडला. दुपारी जेवायची, संध्याकाळी जेवायची, सकाळी मात्र तोंड बंद. मी आयते केले, नको. गुळाचा शिरा केला, नको. दुधात बिस्किटं बुडवून दिली, नको. धाकटा तिचंही खाऊन टाकायचा.

"काऊन खाऊ?" ती म्हणाली. "खाल्लं तरी दुखते."

मी वर्गात रोज किती तरी मुलांच्या किती तरी प्रश्नांना उत्तरं देते. यावर मी तिचं ताट धाकट्याकडे सरकवलं. ती रिकाम्या पोटी शाळेत जायची आणि मी एसटीत बसून फोन हातात धरून ठेवायची, रेंज जाईपर्यंत.

नवऱ्याने रजा वाढवून घेतली होती. एके दिवशी मी आंघोळीहून आले तर तो चुलीजवळ, म्हणजे आमच्या गॅसजवळ, उभा राहून फोडणीचा भात परतत होता. भात थोडा करपला होता. मोठी ओट्याशेजारी स्टुलावर बसली होती. मी दाराआड थांबले.

"बाबा, हे खाल्लं तं दुखणार नाई?"

"दुखू शकते," तो म्हणाला.

मला वाटलं आता संपलंच, आता ही कधीच खाणार नाही.

"मंग काऊन खाऊ?"

"भूक लागते म्हणून. दुखणं येगळं, भूक येगळी."

तो भात हलवत राहिला.

"माही गाडी बंद पडते का नाई कधी कधी?" तो म्हणाला. "मी डिझेल टाकतो, हवा पाहातो, तरी पडते."

"मंग?"

"मंग खाली उतराचं, फोन कराचा, मेकॅनिकची वाट पाहाची. जंगलात दोन दोन घंटे बसा लागते. डबा खाल्ला असला तं बसाले बरं पडते."

"अन् नसला तं?"

"तं गाडी बंद अन् पोटातही कावळे."

ती हसली नाही. पण त्याने ताटलीत भात काढून पुढे सरकवला तेव्हा तिने चमचा घेतला. "जळला हाये," म्हणाली.

"जळलेला भाग मले दे."

तिने तो वेचून त्याच्या ताटलीत टाकला आणि बाकीचा खाल्ला. पूर्ण नाही, पण खाल्ला.

मुलं अंगणात गेल्यावर मी त्याला म्हटलं, "असं काऊन सांगितलं तिले? भेवून गेली असती तं?"

"भेतेच तं पोरगी." तो ताटल्या धूत होता. "मी बी भेतो. पण तिले खोटं सांगून आता चालत नाई. तिले सारं समजते."

तो परत गेला. सकाळी पुन्हा मी एकटी. मोठी एखाद्या दिवशी खाते, एखाद्या दिवशी दोन घासांवर उठते. मी "खाल्लं म्हंजे बरी राहशीन" म्हणणं सोडलं. त्याऐवजी काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून मी वाढते आणि वेणी घालते. जवळ कोरडं काहीतरी बांधून देते, शेंगदाण्याचा लाडू किंवा फुटाणे, मधल्या सुट्टीसाठी. पावसाळ्यात तिला पुन्हा एकदा त्रास झाला, या वेळी कमी, धानोऱ्यातच सलाइन लावून भागलं. त्या सकाळी तिने काय खाल्लं होतं हे मला आठवतच नव्हतं. डॉक्टरांनीही विचारलं नाही.

शाळेत मात्र मी एक शोध लावला. चौथीच्या वर्गाच्या खिडकीत, गजांच्या अगदी उजव्या कोपऱ्यात फोन उभा ठेवला तर रेंजची एक काडी येते. आता चारही वर्ग मी त्या खिडकीजवळ घेते. मुलांना हे माहीत आहे. फोनला धक्का लागू नये म्हणून ती त्या बाजूने फिरतच नाहीत.

परवा सोमवारी वीज नव्हती. मिक्सर बंद, मूग तसेच. एसटीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत मी मुरमुऱ्यांना फोडणी दिली, वर कांदा, शेंगदाणे, आणि दोघांनाही उकडलेलं अंडं. दोघं उभ्या उभ्या खाऊ लागली. मोठीने किती खाल्लं ते बघायच्या आत मला निघावं लागलं.

भागाकार चालू होता आणि खिडकीतला फोन वाजला. स्क्रीनवर भाभीचं नाव. सगळा वर्ग एकदम शांत झाला. मी फोन उचलला तर आवाज तुटत होता.

"हॅलो? भाभी? क्या हुआ?"

"मॅडम... सिलेंडरवाला आया है... रख लूँ क्या?"

"रख लो," मी म्हटलं. "हाँ, रख लो भाभी."

फोन परत कोपऱ्यात उभा केला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले. पटांगणात कुणी नव्हतं, कुंपणावर दोन पोपट बसले होते. आतून एका मुलीने विचारलं, "मॅडम, बाकी किती उरली?" मी म्हटलं, तू सांग, मी ऐकते. ती मोठ्याने भागाकार करू लागली आणि मी तिथेच बसून ऐकत राहिले.