ट्रान्सफॉर्मर उडाला असेल

नववीचा वर्ग पहिल्यांदा वाट्याला आला तेव्हा तासाची घंटा झाली तरी मी भीतीनं खडू शोधत स्टाफरूममध्येच रेंगाळायची. शाळा बोईसरची, रसायनांच्या कंपन्यांच्या भागाला लागून. मी घाटावरची, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा कंपनीत शिफ्टला. वर्गात चिंचणी-घिवलीकडून रिक्षात दाटीवाटीनं बसून येणारी पोरं होती, तशीच बोईसरच्या चाळींतली कामगारांची, घरी नुसती हिंदी बोलणारीही. मागच्या बाकांवरचे मुलगे माझ्याहून उंच. मी फळ्याकडे वळले की कुणीतरी बारीक आवाज काढायचं आणि अख्खा वर्ग पोळं उठल्यासारखा घोंघावायचा. मी मागे वळले की सगळे सज्जन.

'वर्गावर वचक हवा,' मोठ्या बाई म्हणायच्या. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात. त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की वर्ग चिडीचूप व्हायचा. माझ्या चपला वाजल्या की पोरं निवांत डबे उघडायची. मी ओरडून पाहिलं, घसा बसला. वर्गाबाहेर उभं करून पाहिलं, तर बाहेर जायला नंबर लागायला लागले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर्गात वचक नव्हता असं नाही, पण तो त्यांचा माझ्यावर होता. रात्री जेवतानासुद्धा मला उद्याचा तिसरा तास दिसायचा आणि घास फिरायचा.

आता आमच्या गावची एक रीत सांगते. इकडे मोठा आवाज झाला की घरातलं मोठं माणूस पोरांना म्हणतं, 'ट्रान्सफॉर्मर उडाला असेल.' उग्र वास आला की म्हणतं, 'गटार तुंबलंय.' मोठी माणसं एकमेकांना असलं काही सांगत नाहीत, ती कुठल्या कंपनीत झालं ते विचारायला एकमेकांना फोन लावतात. हे सगळं खरं असतं तर पालघरपासून तारापूरपर्यंत एक ट्रान्सफॉर्मर धड राहिला नसता. मी नवी होते तरी वर्षभरात ही रीत उचलली, शेजारणीकडून बोंबील साफ करायला शिकले तशीच.

एकदा पावसाळ्यातल्या दुपारी वर्गात वास आला. डोळे चुरचुरायला लागले. मी म्हटलं, 'गटार तुंबलं असेल. खिडक्या लावून घ्या.'

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, चिंचणीची, एरवी फारसं न बोलणारी, बसल्या जागेवरून म्हणाली, 'बाई, हा गटाराचा वास नाय. तुमाला पण म्हाईत हाय.' तिचे वडील आधी बोटीवर जायचे आणि आता कुठल्या कंपनीत लागलेत, हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं.

ती उद्धटपणे बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधं बोलली. आता बाई काय करतात हे बघायला वर्ग टपून बसला. मोठ्या बाईंनी तिला बाकावर उभं केलं असतं. मला तेवढंही सुचलं नाही.

'हो, माहीत आहे,' मी म्हटलं. 'मला भीती वाटते, म्हणून मी गटार म्हणाले.'

कुणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. मागच्या बाकावरून एक जण उठला. माझी नक्कल सगळ्यात हुबेहूब करणारा तो हाच. एकेक खिडकी लावत तो म्हणाला, 'मॅडम, डर तो हमको भी लगता है.'

त्या दिवशी आमच्यात एक बोली झाली. मी वर्गाला खोटं सांगायचं नाही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. त्यांनी मला न सांगता वर्गातून उठायचं नाही. एवढंच. पुढे त्याला आपोआप शाखा फुटल्या. पेपर तपासून झाले नसले की मी सबब न सांगता तसं सांगायची. कुणाला रागवायचं असेल तर चारचौघांत न रागवता सुट्टीत बाजूला घ्यायची. 'डोक्यावर बसतील,' स्टाफरूममध्ये एक बाई म्हणाल्या. पोरं काही साधुसंत झाली नाहीत, गोंगाट होताच. पण मी 'ऐका' म्हटलं की ऐकायला लागली. माझं जेवण परत गोड लागायला लागलं.

मग दिवाळीच्या सुट्टीनंतरचा तो दिवस. दुपारचा तास चालू होता. आवाज असा झाला की खिडक्यांच्या काचा थडथडल्या, पंख्यावरची धूळ खाली आली. मागच्या खिडकीतून काळा धूर वर चढताना दिसला. नवरा पहिल्या शिफ्टला होता आणि धूर त्याच अंगाला होता. शेजारच्या वर्गातली पोरं किंचाळत जिन्यावरून धावली, त्यांच्यामागून त्यांचे सर.

शिपाईमामा धापा टाकत आले. 'मोठ्या बाईंनी सांगितलंय, बाहेरनं कडी घाला. कुणाला सोडू नका.' त्यांचा हात कडीवर गेलासुद्धा.

'नको,' मी म्हटलं. 'मी उभी राहते दारात.'

त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि पुढच्या वर्गाकडे गेले. मला माझीच खात्री नव्हती. पण एकदा कडी लागली असती तर मी पुढे काय बोलतेय ते कुणी का ऐकावं?

'ट्रान्सफॉर्मर नाही,' मी वर्गाला म्हटलं. 'कंपनीत काहीतरी झालंय. कुठल्या ते मला माहीत नाही. हवेत काय आहे तेही माहीत नाही, म्हणून बाहेर जायचं नाही. रुमाल ओले करा, नाकाला धरा. माझा नवरा तिकडेच आहे. मलाही पळत सुटावंसं वाटतंय.'

बाटल्या उघडल्याचा आवाज झाला. पोरं बसून राहिली.

माझा फोन वाजला. नवरा होता. 'मी बरा आहे,' तो म्हणाला, आणि कुठल्या कंपनीत झालं ते त्यानं सांगितलं. माझ्या जिवात जीव आला आणि तो माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण अख्ख्या वर्गानं श्वास सोडला. दुसऱ्याच क्षणी मला ते नाव नीट कळलं.

'बाई, सर बरे हायत ना?' चिंचणीच्या मुलीनं विचारलं.

'हो.'

'मंग कंची कंपनी?'

'अजून कळलं नाही' हे माझ्या ओठांवर आलं होतं. खरं सांगितलं तर ही उठून पळणार, दार उघडं, आणि रस्ता सरळ धुरात जाणारा. हिला काही झालं तर? मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नव्हती. वर्गाची जी वाटायची ती तिच्यापुढे पोरखेळ.

'तुझ्या पप्पांची,' मी म्हटलं. 'आत कोण होतं ते कळलेलं नाही. मी विचारायला लावते.'

ती उठली. दप्तर खांद्याला लावून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हात आडवा घातला नाही. घालायला हवा होता की काय, हे मला आजही कळत नाही.

'तुमी खरं सांगाल? काय पण असलं तरी?'

'सांगेन.'

ती परत जागेवर गेली आणि दप्तर मांडीवर घेऊन बसली. मी नवऱ्याला चौकशी करायला सांगितलं. मग आम्ही सगळे त्या फोनकडे बघत बसलो. धूर वाढत होता. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं.

फोन वाजला तेव्हा ती जागची हलली नाही. 'बाई, तुमी ऐका पयले,' ती म्हणाली. 'मंग मला सांगा.'

मी व्हरांड्याकडे तोंड करून ऐकलं. मग तिच्या बाकावर जाऊन बसले आणि ऐकलं तसं सांगितलं. पप्पा जिवंत आहेत. हात आणि छाती भाजलीय. इस्पितळात नेलंय.

'मरणार नाय ना?'

'नाही' म्हणायला काय लागतं? कुठलीही आई म्हणाली असती.

'मला माहीत नाही गं,' मी म्हटलं.

तिनं बाकावर डोकं ठेवलं आणि रडायला लागली. तिचा काका घ्यायला येईपर्यंत मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, आणि माझी नक्कल करणारा तो मुलगा माझ्याऐवजी दारात उभा राहिला.

तिचे वडील वाचले. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, पण घरी आले. मुलगी दहावी होऊन गेली. मोठ्या बाई आता नव्या शिक्षकांना सांगतात की वचक बघायचा असेल तर आमच्या या बाईंचा वर्ग बघा. मी त्यांचं म्हणणं खोडायला जात नाही.

परवा दुपारी पुन्हा आवाज झाला. आताची नववी, नवी पोरं. लिहिता लिहिता सगळ्यांचे हात थांबले. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही. बाई सांगतील, म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. वर्ग असा शांत बसावा म्हणून मी एकेकाळी देवाला नवस बोलले असते. मी पर्समधून फोन काढून टेबलावर ठेवला, आणि वाजला की ऐकलं तसं सांगावं लागणार म्हणून तो वाजू नये, वाजू नये, असं मनाशी म्हणत त्यांच्यासमोर उभी राहिले.