प्याल्यावरचा लेख

"तू साक्ष लिही. लेख लिहायला आम्ही आहोत."

संपादकसाहेब हे बोलले तेव्हा रविवारची उपासना नुकतीच सुटली होती. देवळाच्या आवारात कडुनिंबाखाली सगळी मंडळी उभी होती. माझे कागद त्यांनी दोन बोटांत धरले होते. परत देत नव्हते, ठेवूनही घेत नव्हते. भोवतीच्या बायका हसल्या. मी मान खाली घालून उभी.

आमच्या ख्रिस्ती मासिकाचे ते संपादक. घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण "आम्ही मूळचे ब्राह्मण" हे पाहुण्याला चहाच्या आधी सांगायचे. आम्ही उमरेडकडच्या महारवाड्यातले. बाप गेल्यावर आई नागपूरला मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागली. मी मिशनच्याच शाळेत शिकले आणि तिथंच मास्तरीण झाले. बाप्तिस्म्याच्या पाण्यात जात धुऊन निघते, असं पाळकसाहेब सांगायचे. ते पाणी देवळातल्या पुढच्या बाकांपर्यंत, साहेबांसारख्या घराण्यांपर्यंत, पोचलं नव्हतं.

साक्ष म्हणजे मंडळीसमोर उभं राहून सांगायचं, मी किती वाईट होते आणि प्रभूनं मला कसं उचललं. आमच्या वस्तीतल्या माणसाला मासिकात तेवढीच जागा. विचार, उपदेश, मंडळीच्या कारभारावरचं मत हे सगळं लेखात यायचं. आणि लेख पुढच्या बाकांवरून यायचे.

माझा लेख प्याल्यावर होता. आमच्या देवळात प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा चांदीचा एकच प्याला होता. सगळ्यांनी त्यातूनच घोट घ्यायचा. पुढचे आधी उठायचे, आम्ही शेवटी. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण चुकत कोणी नव्हतं.

आई चुकली. त्या रविवारी तिला लवकर ड्यूटीवर जायचं होतं. म्हणून ती सरळ पुढं गेली आणि वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसली. सगळ्यांच्या आधी. शेजारी संपादकसाहेबांच्या पत्नी होत्या. आईनं घोट घेतला. पाळकसाहेबांनी कड पुसून प्याला बाईंपुढं धरला. बाई उठल्या, पदर सावरला आणि न पिताच जागेवर जाऊन बसल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला चांदीचा प्याला दिसलाच नाही. लाकडी ट्रेमध्ये काचेचे इवलेसे पेले आले. ज्याचा त्याचा वेगळा. "आरोग्याच्या दृष्टीनं," असं जाहीर झालं. आईला कोण आनंद! रस्ताभर सांगत होती, "पाह्य वं, आता मले बी माहा वेगळा पेला भेटला. मोठ्या लोकाईसारखा."

तिचं सुख मोडायचं माझ्या जिवावर आलं. पण ते मला गिळवेना. म्हणून लिहिलं. येशूनं एकाच प्याल्यातून सगळ्यांना पाजलं. त्याला शत्रूच्या हाती धरून देणाराही त्या पंगतीत होता. मग माझ्या आईच्या ओठांना असं काय लागलं होतं? एवढंच विचारलं होतं.

कडुनिंबाखाली शेवटी साहेबांनी कागद खिशात घातले. "बघतो, यातून काही निघतं का." मी आभार मानले. ते शाळेच्या कमिटीवर होते. माझी नोकरी अजून कच्ची होती आणि आम्ही राहायचो ती खोलीही मिशनचीच.

पुढचा अंक आला. वर माझं नाव. शीर्षक, "एका आयाच्या मुलीची साक्ष". प्याला त्यात नव्हताच. माझी आई मात्र होती. घाणेरडी, अडाणी, दगडापुढं कोंबडी कापणारी. मिशननं तिला साबण दाखवला, असं मी लिहिलं होतं म्हणे. माझी आई. ड्यूटीवरून आली की थंडीतही नळाखाली अंग धुतल्याशिवाय चुलीला हात न लावणारी.

मी सीताबर्डीला त्यांच्या कचेरीत गेले. खिडकीला वाळ्याच्या ताट्या, आत गारवा.

"साहेब, हे मी नाही लिहिलं."

ते प्रूफं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव तुझंच आहे ना? आनंद मान. किती जण आशीर्वादित होतील."

तशीच उन्हातून चालत घरी आले.

घरी आई वाट पाहत होती. अंक तिनं दवाखान्यातून मागून आणला होता. शेजारच्या मार्थामावशीलाही बोलावून बसवलं होतं. दोघींनाही अक्षर येत नव्हतं.

"वाच वं पोरी. माह्यावर लिवलं म्हणते तू."

मी अंक उघडला. पहिली ओळ दिसली. तोंडातून निघेना.

"काहून थांबली वं?"

तिचं सुख मोडलं तर मोडू दे, पण तिची अब्रू घालवायला माझा आवाज मिळणार नाही. हे त्या क्षणी ठरलं. मी डोळे अंकावर ठेवले आणि माझा लेख म्हणायला लागले. न छापलेला. मला तो पाठ होता. कठडा, चांदीचा प्याला, बाईंचं उठून जाणं, काचेचे पेले. शेवटचा प्रश्न.

मार्थामावशीनं पदर तोंडाला लावला. आईनं माझ्याकडं पाहिलं.

"म्हणजे, थे पेले माह्यामुळं आले?"

"हो."

"अन् मी लोकाईले सांगत फिरली."

तिनं अंक माझ्या हातातून घेतला आणि पालथा ठेवला.

नाताळच्या अंकासाठी संपादकसाहेबांचा निरोप आला. आणखी एक साक्ष हवी होती. मी गेले आणि म्हणाले, "साक्ष देणार नाही. लेख आहे. छापायचा तर माझ्या शब्दांत छापा."

"नोकरीचा विचार केलास?"

"केला."

पुढच्या जूनमध्ये शाळेनं मला घेतलं नाही. खोली सोडावी लागली. जरीपटक्याकडं भाड्यानं राहिलो. शिकवण्या घेतल्या. मंडळीतलं कोणी काही बोललं नाही. आई देवळात जातच राहिली, पण ट्रे समोर आला की हात मांडीवर ठेवून बसायची. पेला तिनं पुन्हा उचलला नाही.

आता आई नाही. संपादक बदलले. लेख मी अजून पाठवते, तो परत येतो, मी पुन्हा पाठवते. त्यातला एक शब्द हलणार नाही. छापा नाहीतर फाडा. माझ्या आईला घाणेरडी म्हणणाऱ्या कागदावर माझं नाव पुन्हा दिसणार नाही.