वामन तांडेलांचा हलता दात

तारापूरच्या किनाऱ्यावर वामन तांडेल फाटकी जाळी सांधायला बसले की तासन्‌तास जागचे हलत नसत. एकदा कावळा त्यांच्या खांद्यावर बसून गेला, ही बहुधा गावाने मागाहून जोडलेली गोष्ट. पण स्थिर बसण्याचा त्यांना अभिमान होता, हे खरे. दोरा ते दातांनीच तोडत.

त्यांच्या मेंदूत गाठ निघाली. तिचा नमुना सुईने काढताना डोके हलू नये म्हणून स्क्रूंच्या चौकटीत आवळतात हे कळले, तेव्हा ते दुखावले.

"सुईसाठी डोक्याला भोक चालतं, नि स्क्रू नाय चालत?" मुलगी मोनालीने विचारले.

"भोक दुखण्यापायी, पोरी. स्क्रू मी हलेन म्हणून. मी कदी हललोय?"

पालघरच्या रुग्णालयात दुसरी सोय होती. वरच्या दातांवर घट्ट बसणारी साच्याची पट्टी, तिला चमकते गोळे. त्या गोळ्यांवरून कॅमेरा डोक्याची जागा ओळखतो आणि सुई स्कॅनच्या चित्रात कुठे आहे ते दाखवतो. अट एकच: दात पक्के हवेत.

वामनांचा पुढचा दात हलत होता. साचा घेताना त्यांनी तो जिभेने रेटून धरला आणि गप्प राहिले. चाचणीत मात्र पट्टी काढून पुन्हा बसवली की नाकाच्या टोकाला टेकवलेली सळई पडद्यावर भलतीकडेच दिसे.

"जेवून या, पुन्हा पाहू," दंतवैद्य हेतल म्हणाल्या. "नाही जुळलं तर चौकट."

परतल्यावर पट्टी बसेचना. हेतलनी छोटा आरसा त्यांच्या तोंडात घातला.

"आजोबा, हे निळं काय?"

"जाळ्याचा दोरा. हलता दात शेजारच्याला बांधलाय. आमची गाठ सरकत नाय."

मोनालीने कपाळावर हात मारला. हेतल हसल्या, मग गंभीर झाल्या. "गाठ सरकत नाही, पण पट्टी तिच्यावर बसतही नाही. सुई चुकली असती, आजोबा."

वामन म्हणाले, "तुमी करा काय ते. नायच जुळलं तर लावा स्क्रू."

दोरा निघाला. तो दात मोकळा सोडून, दाढांवर पकडणारी नवी पट्टी घडली. या वेळी पडद्यावर सळई नाकावरच आली.

शस्त्रक्रियेत ते जागेच होते. सुई आत जाण्याआधी त्यांना खोकला आला, डोके उशीवर सरकले. पडद्यावरचे चित्रही त्याबरोबर सरकले. डॉक्टर थांबले, जागा पुन्हा पडताळली, मग नमुना काढला.

बाहेर मोनालीने विचारले, "हललास म्हणे, बाबा?"

"खोकला हलला," वामन म्हणाले. "मी नाय."