दहाव्याच्या दिवशीचा अलर्ट

या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते ते खरं तर चुका काढायला. भूत, संकेत, अतृप्त आत्मे... मला यात काडीचा रस नाही. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर साक्षात देव उभा राहिला तरी तू आधी आयडी कार्ड मागशील. मागेनच. माझं कामच ते आहे.

ग्राहकांचे फोन कॉल रेकॉर्ड करून तपासून देणारी एक कंपनी आहे, ऑफिस पुण्याला. मी बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या घरातून त्यांचं काम करते. एखादा कर्मचारी कंपनीच्या फाइली बाहेर नेतोय असं वाटलं की सॉफ्टवेअर अलर्ट देतं. तो खरा की फुसका, हे मी ठरवायचं. पक्षपात नको म्हणून नाव झाकलेलं असतं, नुसता एक नंबर दिसतो. मी 'खरा' म्हटलं की नाव उघडतं, त्या माणसाचा लॅपटॉप लांबूनच लॉक होऊन साफ पुसला जातो, आणि प्रकरण एचआरकडे जातं. बहुतेक अलर्ट फुसके असतात — कोणी लग्नाची पत्रिका मेल केलेली असते, कोणी पोराचा प्रोजेक्ट.

याच कंपनीत हेमंतदादा होता. माझं माहेर लोधीपुऱ्यातलं, त्याचं घर आमच्याच गल्लीत. ही नोकरी मला त्यानंच सांगितली होती. त्याला बंगळूरला चांगली ऑफर आली, इथला राजीनामा दिला, आणि नोटीस पिरियड चालू असतानाच त्याचे वडील गेले. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. पॉवरलूमवर आयुष्य काढलेला माणूस. हातात घेतलेला कापडाचा ताका उतरवल्याशिवाय जेवायला उठायचे नाहीत, अशी त्यांची ख्याती.

दहाव्याला मी सुट्टी घेतली. पुरुष मंडळी सकाळीच तापीवर गेली होती, आम्ही बायका काकूंजवळ, म्हणजे दादाच्या आईजवळ, घरी. दुपार व्हायला आली तरी घाटावरून कोणी परत येईना. मग फोन आला — कावळा शिवत नाहीये, काकूंना घेऊन या. घरातले आम्ही सगळेच निघालो. मागचं दार मी आतून लावलं, पुढच्या दाराला काकूंनी माझ्यासमोर कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. दोन ऑटो करून आम्ही घाटावर पोचलो.

तिथं सगळे ताटकळलेले. पिंड ठेवलेले, कावळे पलीकडच्या झाडावर मजेत बसलेले. दादा ओल्या पंच्यात हात जोडून उभा होता.

"नाना, आईला एकटं नाही सोडणार, संग घेऊन जाईन बंगळूरला."

कावळे ढिम्म. दादाचे मोठे काका म्हणाले, "नाना, वरचा मजला पुरा करू आम्ही." तरी नाही. कोणी म्हणालं, त्यांचं आवडतं भरीत राहिलं असेल. तेही जवळच्या खाणावळीतून धावत जाऊन आणलं. शेवटी काकूंचाच पारा चढला. दहा दिवस न रडलेली बाई, सगळ्यांसमोर कडाडली —

"अहो, आम्हाला काही समजूनच नाही राहिलं तुमचं काय राहिलंय ते! आता तुमचं तुम्हीच करून घ्या!"

कोणी हसलं, कोणी 'अगं बाई' म्हणालं. त्यानंतर बराच वेळ काहीच झालं नाही. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले, आणि तेवढ्यात एक खराखुरा कावळा उतरला. एका पोरानं मोबाइलवर शूटिंगही केलं. आम्ही घरी आलो, जेवलो, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी कामाला बसले तर रांगेत पहिलाच अलर्ट लाल. राजीनामा दिलेला कर्मचारी. रजेवर असताना लॅपटॉप उघडलाय, पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर, पेनड्राइव्ह लावून ऑडिओ फाइलींचं एक अख्खं फोल्डर उचललंय. फाइलींना नावं नाहीत, नुसते नंबर — आमच्या कॉल रेकॉर्डिंगला असतात तसेच. म्हटलं, चोर तो चोर, वर रजेवर! यात विचार करण्यासारखं काय होतं? मी 'खरा' दाबलं आणि चहा ठेवायला गेले.

परत येऊन बघते तर नाव उघडलेलं. हेमंतदादाचं.

चोरीचा ठपका बसला तर रिलीव्हिंग लेटर नाही, म्हणजे बंगळूरची नोकरीही गेली. आणि ठपका ठेवणारी कोण, तर मी. मग वेळ पाहिली. ती काल दुपारची होती. आम्ही सगळे घाटावर होतो तीच.

दादाला फोन लावला.

"दादा, काल लॅपटॉपला पेनड्राइव्ह कोणी लावला?"

"कोण लावणार? लॅपटॉप तर कपाटात आहे. कपाटाची चावी माझ्या करदोट्याला, घाटावर पण होती. काय झालं, वैशू?"

मी सांगितलं. ऑडिओचं फोल्डर म्हटल्याबरोबर त्यानं मला अडवलं.

"अगं, ते नानांचं आहे," तो म्हणाला. "आजारपणात रोज थोडं थोडं रेकॉर्ड करून घेतलं होतं मी. भजनं, लूमवरच्या गोष्टी. ऑफिसचा हेडसेट चांगला म्हणून त्याच लॅपटॉपवर केलं. लॅपटॉप परत द्यायच्या आधी काढून घेणार होतो... या सगळ्या गडबडीत राहूनच गेलं. आहे ना ते अजून?"

आता काय सांगणार होते त्याला? माझ्या एका क्लिकनं लॅपटॉप कधीच पुसला गेला होता. मी रडले, हे कबूल करते. रडत रडतच सांगून टाकलं. मागून काकूंचा आवाज आला, काय झालं रे? त्यानं त्यांना सांगितलं. काकूंनी शांतपणे विचारलं, "पेनडराइव म्हणजे ते भजनाच्या डब्याला लावायचं का?"

देवघरापाशी नानांचा एक छोटा स्पीकर होता, त्याला कायम एकच पेनड्राइव्ह लावलेला. दादानं बटण दाबलं. फोन चालूच होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. आधी खोकला. मग नाना —

"हेमंत, चालू झालं का रे हे? बोलू का?"

पुढं फक्त नाना बोलत होते.

मी तो पेनड्राइव्ह पुरावा म्हणून तपासायची परवानगी मागितली आणि फाइली ऐकल्या. एकही ग्राहकाचा कॉल नाही, सगळे नाना. आयटीवाल्याला सर्व्हरवरच्या नोंदींवरून लॅपटॉपचं घड्याळ तपासायला लावलं, ते बरोबर होतं. लांबून कोणी लॅपटॉप चालवला नव्हता. कुलूप जसंच्या तसं, मागचं दार आतून बंद. त्या पोराचं शूटिंगही मागवून पाहिलं. कावळा उतरला तो कॉपी पूर्ण झाल्यानंतर, लगेचच.

पण खरी पंचाईत पुढंच होती. एचआरनं दादाला विचारलं तर तो अडून बसला, "मी केलंच नाही तर कसं हो म्हणू यार?" केलं नाही म्हणावं तर मग दुसऱ्या कोणी त्याच्या पासवर्डनं लॅपटॉप उघडला, म्हणजे मोठी चौकशी, आणि तोवर लेटर अडकणार. मी त्याला समजावलं. दादा ऐकेना. शेवटी काकूंनीच फोन हातात घेऊन त्याला झापलं, "बापानं तुझं राहिलेलं काम केलं, आता तू नाही कशाला म्हणून राहिला? हाव म्हण आणि मोकळा हो!"

तो हो म्हणाला. एचआरच्या सरांनीही फाइली ऐकल्या आणि विषय मिटवला. दादा आता बंगळूरला आहे, काकू त्याच्याजवळ.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणी तांत्रिक कारण सांगितलं तर मी आनंदानं मान्य करीन, माझी तर तीच इच्छा आहे. काकूंना एकदा विचारलं, तुम्हाला नवल नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "नवल कसलं? मी बोलले, त्यांनी ऐकलं. जिवंतपणी कधी ऐकलं नाही, त्याचंच नवल."

अलर्ट बंद करताना 'कृती कोणी केली' हा रकाना मला भरावाच लागतो, मोकळा सोडला तर सिस्टिम पुढं जाऊ देत नाही. त्यात कर्मचाऱ्यांच्या यादीतलंच नाव निवडता येतं. मी हेमंतदादाचं निवडलं. नानांचं नाव त्या यादीत नव्हतं.