पहिल्या रांगेतले बाबा

आमचे बाबा मासेमारीच्या होडीचे तांडेल होते. मासळी लागत असताना ते कुणाच्या लग्नासाठीही किनाऱ्यावर थांबले नाहीत. पण मिशनच्या शाळेत नाताळचं नाटक असलं की त्या दिवशी होडी पाण्यात जायची नाही. खलाशी कुरकुरत, आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, पडदा उघडायच्या कितीतरी आधी पहिल्या रांगेत जाऊन बसत.

हे वेड माझ्यामुळे लागलं. मी फार अडखळत बोलायची, म्हणून सिस्टरनी मला बिनसंवादाचं काम दिलं, गोठ्यातल्या मेंढराचं. बाबांनी बंदरावर सगळ्यांना सांगितलं, "माझ्या चेडवाक नाटकात काम गावला!"

"कसला?"

"मेंढराचा!" राजाचा पार्ट मिळाल्याच्या थाटात.

आमच्या किनाऱ्यावर मेंढरं कुठली? एका रविवारी ते मला एसटीने थेट वैभववाडीकडे घेऊन गेले आणि घाट उतरून आलेल्या धनगराच्या कळपाशी बसवलं. मी ओरडून दाखवलं. "ही शेळी झाली गो," बाबा म्हणाले. "नीट आयक."

नाटक ते दशावतारासारखंच बघत. हेरोद राजा गरजला की मांडीवर थाप मारून "वा!" म्हणत. सिस्टर आधी दचकायच्या, मग त्यांनाही सवय झाली.

मी सातवीत असताना देवदूत होणारी मुलगी ऐन नाटकाच्या दिवशी तापाने आडवी झाली. इतकी वर्षं मेंढरू होऊन बसल्यामुळे सगळ्यांचे संवाद मला पाठ. सिस्टरनी मलाच विचारलं, देवदूत होशील का. देवदूताचं पहिलंच वाक्य होतं 'भिऊ नका', आणि मी नेमकी 'भ'वर अडायची.

रडत घरी आले. बाबा मला किनाऱ्यावर घेऊन गेले. "तू बोलू नको गो. साद घाल. वाऱ्यात शब्द तुटतत, म्हणान ते लांबवून सोडूचे." एवढं सांगून ते चालत सुटले, पार सुरूच्या बनापर्यंत. तिथून त्यांनी हात वर करेपर्यंत मी ओरडत राहिले.

संध्याकाळी मंचावर उभी राहिले आणि पलीकडच्या होडीला घालावी तशी साद घातली, "भिऊऽऽ नका!" वाक्य अख्खं बाहेर पडलं. बाबा उठून उभेच राहिले. मागचे लोक "बसा, बसा" म्हणू लागले, तर वळून त्यांनाच सांगतात, "माझा चेडू ता!"

अडखळणं पुरतं गेलं नाही, पण त्या दिवसानंतर मी तोंड मिटून बसले नाही. मी शाळा सोडली, तरी बाबांनी पहिली रांग सोडली नाही. आता दुसऱ्यांच्या मुलांसाठी होडी थांबायची.

गेल्या श्रावणात बाबा गेले. भेटायला आलेल्यांत मला अनोळखी अशी बरीच तरुण मंडळी होती. कुडाळची एक नर्स म्हणाली, "मी नाटकात नुसता तारा धरून उभी होते. काका दुसऱ्या दिवशी रस्त्यात थांबवून म्हणाले, 'सगळ्यात बरा काम तुझा झाला.'" शेजारी बसलेला टेम्पोवाला चमकला. त्यालाही बाबांनी तेच सांगितलं होतं. तो उंट झाला होता, तोही मागचे पाय.

मी आईकडे पाहिलं. ती डोळे पुसत हसली.

"टाळ्ये कोणाक पडणत नाय, ता बघूकच तर ते फुडे बसत."